डब्यावरचा आकडा

आम्ही करवीर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. आज बोलायचंय ते आमच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरबद्दल, आणि आमच्याच एका चुकीबद्दल.

गटाचा सगळा हिशेब या कॉम्प्युटरवर. कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज किती फिटलं, सगळं त्यात. बँकेला कागद द्यायला चार दिवस उरले होते. सकाळी वीज गेली, परत आली, आणि कॉम्प्युटर काही चालू होईना. बटण दाबलं तरी पंखासुद्धा हलेना. दुरुस्तीवाला बघून म्हणाला, "वैनी, मशीन संपलं. नवीनच घ्या." नव्याचे तीस हजार कुठून आणायचे? आणि आतल्या हिशेबाचं काय? आमच्या पोटात गोळाच आला.

एका अक्कांची भाची कोल्हापुरात पॉलिटेक्निकला शिकते. ती म्हणाली, "मावशी, थांबा. आधी प्लग आणि वायर बघू, मग पॉवर सप्लाय." कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, जिथे विजेची वायर लागते, तो लोखंडी डबा म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली वीज 230 व्होल्टची. हा डबा तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून आतल्या भागांना वाटून देतो. तो गेला की बाकी सगळं धड असूनही मशीन मेल्यासारखं दिसतं. तिने दुसऱ्या मशीनचा डबा जोडून बघितला, आणि आमचा हिशेब पडद्यावर आला!

आता आमची चूक सांगतो. हा डबा आम्हीच आठ महिन्यांपूर्वी बदलला होता. स्वस्त मिळाला, वर मोठ्या अक्षरात 450 लिहिलेलं, म्हणून घेतला. पोरीने बाजूचं लेबल वाचून दाखवलं. 12 व्होल्टच्या ओळीत 14 ॲम्पिअर. कॉम्प्युटरचं बहुतेक काम या 12 व्होल्टवरच चालतं. बारा गुणिले चौदा, 168 वॅट झाले. व्याज काढणाऱ्या बायका आम्ही, पण हा गुणाकार कुणी केला नव्हता. खरं तर हिशेब लिहायच्या साध्या मशीनला शंभर-दीडशे वॅट पुरतात. पण जो डबा तोंडावर 450 सांगतो आणि पोटात 168 ठेवतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून यावेळी राजारामपुरीत गेलो, तो जुना डबा पिशवीत घालूनच. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये डब्याचा आकार आणि वायरींची टोकं वेगळी असतात, साधा डबा तिथे बसत नाही. जुना समोर ठेवला की दुकानदाराला जोड लगेच कळते. मोठी 24 पिनांची, प्रोसेसरची 4 किंवा 8 पिनांची, आणि हार्ड डिस्कची. मग लेबल वाचलं. 12 व्होल्टला 22 ॲम्पिअर, म्हणजे 264 वॅट, आणि वर लिहिलेलं 300. हे पटण्यासारखं होतं. '80 प्लस' अशी खूण असेल तर वीज कमी वाया जाते, डबाही कमी तापतो. व्होल्टेज वाढलं किंवा शॉर्ट झालं तर आपोआप बंद होण्याची सोय आहे का, हेही विचारलं. ती नसेल तर डबा जाताना हार्ड डिस्कला, म्हणजे हिशेबाला, घेऊन जाऊ शकतो. पक्कं बिल आणि वॉरंटीची तारीख लिहून घेतली. पैसे स्वस्त डब्याच्या तिप्पट लागले, पण तीस हजार वाचले.

आणखी तीन गोष्टी. काही जुन्या डब्यांवर 115 आणि 230 असं लाल बटण असतं, ते 230 वरच हवं. 115 वर ठेवून वीज लावली तर डबा फुटतो. दुसरं, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा बोर्डाला अर्थिंग नाही. डबा बदलून ते जाणार नाही, वायरमनला बोलवा. तिसरं, बंद पडलेला डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते.

कागद बँकेत वेळेवर गेले. त्याच दिवशी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घेतला, आणि आता दर बैठकीनंतर घेतो. पेनड्राइव्ह खजिनदारबाईंच्या कपाटात, गटाच्या वहीशेजारी असतो.

मैत्रिणींनो, तुम्हालाही कुणी "मशीन संपलं" म्हणालं तर लगेच मान हलवू नका. आधी डबा तपासायला सांगा, आणि नवा घेताना गुणाकार आपला आपण करा. येतो आम्ही. राम राम.