राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपले मत कोठे असते?

श्रोतेहो, लोकसभेची निवडणूक आली की आपण केंद्रावर जातो, बोटाला शाई लागते, मत नोंदले जाते. राष्ट्रपतींची निवडणूक होते तेव्हा मात्र गावात ना केंद्र, ना शाई. मग पेडगावच्या पारावर कोणी विचारले, "राष्ट्रपती आम्ही कुठं निवडला?" तर काय सांगावे?

लोकसभेचा हिशेब सोपा आहे. पेडगाव परभणी मतदारसंघात येते. तेथे ज्याला सर्वांत अधिक मते, तो खासदार. निम्म्याहून अधिक मते पडलीच पाहिजेत, असे नाही. महाराष्ट्रातून असे ४८ खासदार लोकसभेत जातात. तेथे ज्याच्या पाठीशी बहुमत, तो पंतप्रधान होतो.

राष्ट्रपतींना निवडतात ते संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. शिक्षक बंधुभगिनींनी एक ध्यानात ठेवावे. शिक्षक मतदारसंघातून आपण पाठवितो तो आमदार विधान परिषदेचा. त्याला येथे मत नाही.

आमदाराच्या मताचे मोल त्याच्यामागच्या माणसांवरून ठरते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ आमदारांनी भागा, मग हजाराने भागा. उत्तर येते १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मोल २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांचे वजन घटू नये, म्हणून जुनाच आकडा धरला आहे. देशभरच्या आमदारांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांत वाटली की खासदाराच्या मताचे मोल निघते. २०२२ साली ते ७०० होते. हे गणित शाळेत फळ्यावर जरूर मांडावे.

येथे जिंकावयास निम्म्याहून अधिक मोल लागते. म्हणून मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख रिंगणात होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५ मते पडली. हवी होती ४,१८,१६९. मग मागे पडलेल्यांची, त्यांत देशमुखांचीही, मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली गेली, आणि गिरी ४,२०,०७७ मतांनी निवडून आले. दुसऱ्या पसंतीचा आकडा वाया जात नाही, तो असा.

तेव्हा मंडळी, गावाचे मत दिल्लीला दोन वाटांनी पोचते. एक आमदाराच्या हातून, दुसरी खासदाराच्या. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाला आदेश काढता येत नाही. आपला माणूस तेथे एकटा असतो, त्याचा विवेक तेवढा सोबतीला. रस्ता, वीज, पाणी यांसाठी आमदार निवडावाच. पण एकांतात तो कसा वागेल, हेही पारावर बोलून घ्यावे. राष्ट्रपती निवडण्याचे आपले काम त्याच दिवशी झालेले असते.