निळी झालेली नावं

मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. संगणकाचं मला फारसं कळत नाही. तरी त्यातली एक गोष्ट आज सांगतो.

शिरूरला आम्ही छोटं कविसंमेलन ठरवलं. संगणक शिकणाऱ्या भाच्याने निरोप पाठवायचं पान तयार केलं. त्यात कवींच्या नावांची यादी. कंट्रोलची कळ दाबून एकेक नाव टिपलं की ते निळं व्हायचं. मी नऊ नावं निळी केली, पाच शिरूरची, खाली चार दौंडची. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'पाठवले'.

संध्याकाळी शिरूरचे पाचही हजर. दौंडचं कुणी नाही. आम्ही कुरकुरलो. महिन्याने दौंडच्या जुन्या मित्राचा फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेला, गाड्यांच्या आवाजावर ओव्या रचणारा माणूस. म्हणाला, "भाई, आमचं स्टेशन तुमच्या यादीतून गेलं वाटतं." आवाज हसरा होता, पण मला तो लागला.

भाच्याने तपासलं. "मामू, चूक माझी." त्याने यादीला विचारलं होतं 'सिलेक्टेडइंडेक्स'. हा शब्द एकवचनी आहे. कितीही नावं निळी असोत, तो सगळ्यात वरच्या निळ्या नावाचाच क्रमांक सांगतो. मोजणी शून्यापासून. काहीच निवडलं नसेल तर उत्तर उणे एक. म्हणजे निरोप गेला एकालाच! शिरूरचे बाकीचे चौघे आले ते बाजारात तोंडी कळलं म्हणून. दौंडपर्यंत बाजारातली बातमी कशी पोचणार?

हवं होतं ते 'सिलेक्टेडऑप्शन्स'. अनेकवचन. त्यातून निवडलेली सगळी नावं मिळतात, मग एकेक घेऊन निरोप पाठवायचा. किंवा यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालायची आणि प्रत्येकाला विचारायचं, तू निवडलेला आहेस का? मला ही दुसरी रीत आवडली. आमंत्रण द्यायला दारोदार जातात तशी.

आता पान आधी आकडा दाखवतं, निवडलेले नऊ, पाठवलेले नऊ. मी वहीतही पेनाने खूण करतो. भाचा हसतो, हसू दे.

पुढच्या वेळी मित्राला निरोप मिळाला, तरी मी एस.टी.ने दौंडला जाऊन आलो. त्याने चहा पाजला आणि फलाटावर लिहिलेल्या ओव्यांचा कागद खिशातून काढला.