नाताळच्या सुट्टींतील प्रवासाचें गणित

श्रोतेहो, नाताळची सुट्टी जवळ येऊं लागली कीं पुष्कळ घरांतून एक वाद ठरलेला असतो. कोठें जावयाचें हें बहुधा दोन दिवसांत ठरतें; कसें जावयाचें यावर मात्र आठवडा जातो. माझा एक भाचा नोकरीनिमित्त लंडनला असतो. गेल्या वर्षीं त्यानें मला विचारलें, "मामा, मुलांना घेऊन नाताळांत पॅरिसला जावयाचें आहे. आगगाडीनें जाऊं कीं विमानानें?" ज्या मनुष्यानें युरोप केवळ नकाशांत पाहिला आणि जन्मभर तो मुलांना फळ्यावर काढून दाखविला, त्याला हा प्रश्न विचारणें हें भाच्याचें प्रेमच म्हणावयाचें. तथापि मीं त्याला उत्तर दिलें. तें उत्तर मला भूगोलाच्या पुस्तकानें शिकविलें नव्हतें. तें राजगड आणि तोरणा यांच्यामधील डोंगराच्या धारेनें शिकविलें होतें. आज तेंच आपणांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

प्रथम भाच्याचा प्रश्न घेऊं. लंडनहून पॅरिसला विमान सव्वा तासांत जातें. आगगाडीला सव्वादोन ते अडीच तास लागतात. एवढेंच पाहिलें तर विमान जिंकलें. परंतु लंडनचा हीथ्रो विमानतळ शहराच्या मध्यापासून वीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि पॅरिसचा मोठा विमानतळही तितकाच दूर. तेथवर जाणें, दोन तास आधीं हजर राहणें, उतरल्यावर सामानाची वाट पाहणें आणि पुन्हां शहरांत येणें, ही सर्व बेरीज केली म्हणजे सव्वा तासाचे पांच-सहा तास होतात. उलट आगगाडी शहराच्या पोटांतून निघते आणि शहराच्या पोटांतच उतरविते. सन १९९४ मध्यें खुल्या झालेल्या सुमारें पन्नास किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून ती समुद्राखालून जाते. तपासणीसाठीं तासभर आधीं गेलें तरी घरापासून बिऱ्हाडापर्यंत साडेचार तासांत काम होतें. तेव्हां आगगाडी बरी.

पण हें गणित येथेंच संपत नाहीं. डिसेंबरच्या अखेरीस लंडनला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चार वाजण्यापूर्वींच मावळतो. पॅरिसला दिवसाचा उजेड जेमतेम सव्वाआठ तास. शिवाय पॅरिसचें घड्याळ लंडनच्या एक तास पुढें, म्हणजे जातांना एक तास हातचा गेला. दुपारच्या गाडीनें जो निघेल, त्याची मुलें पॅरिस पाहणार तें दिव्यांच्या उजेडांत. आणि सर्वांत मोठी मौज म्हणजे २५ डिसेंबरला ही गाडी धांवतच नाहीं. त्या दिवशीं इंग्लंडांतील आगगाड्या जवळजवळ सर्व बंद असतात. नाताळच्या सुट्टींत प्रवास करणाऱ्यानें प्रथम नाताळचा दिवस वगळावा! मीं भाच्याला लिहिलें, "२६ तारखेची सकाळची गाडी धर. मैल मोजूं नकोस, उजेड मोज."

आतां हेंच गणित आपण घराजवळच्या प्रवासास लावून पाहूं. भोर आणि वेल्हें हीं पुणें जिल्ह्यांतील दोन शेजारचीं तालुक्याचीं गांवें. सन २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय घेतला. गांव मात्र वेल्हेंच. या दोन्ही गांवांस आगगाडी नाहीं, मग विमानाचें नांव कशाला? माझे विद्यार्थी मात्र इंग्रजी पुस्तकांत घाटाचें नांव वाचून विचारीत, "गुरुजी, भोरला एवढा मोठा रेल्वेचा घाट असून स्टेशन कसें नाहीं?" तो घाट खंडाळ्याचा बोरघाट, तेथून सन १८६३ मध्यें आगगाडी जाऊं लागली. इंग्रजांच्या लेखणीनें बोरचें भोर केलें, एवढाच आमचा त्या आगगाडीशीं संबंध.

नकाशावर भोर आणि वेल्हें यांमधील सरळ अंतर तीस किलोमीटरांच्या आंतच भरतें. परंतु मध्यें डोंगर कसे पसरले आहेत तें पहा. भोर नीरेच्या काठीं आहे. त्याच्या उत्तरेस वेळवंडी नदीचें खोरें, आणि त्या नदीवर सन १९२८ मध्यें पुरें झालेलें भाटघरचें मोठें धरण. या खोऱ्याच्या पलीकडे राजगड आणि तोरणा यांस जोडणारी डोंगराची उंच धार, आणि धारेपलीकडे कानंदीच्या खोऱ्यांत वेल्हें. पूर्वींच्या लोकांनीं या मुलखाची वांटणी उगाच खोऱ्यांनीं केली नाहीं. रोहिडखोरें, वेळवंडखोरें, गुंजण मावळ, कानदखोरें हीं नांवें सांगतात कीं येथें शेजार ठरतो तो पाण्यानें, अंतरानें नव्हे. मोटारीनें भोरहून वेल्ह्यास जावयाचें तर कापूरहोळला सातारा-पुणें रस्त्यास लागावें, नसरापूरच्या फाट्यास वळावें आणि मार्गासनीवरून वेल्हें गांठावें. असे पन्नासेक किलोमीटर होतात. डोंगर ओलांडून पायीं जावयाचें तर एक सबंध दिवस. पुष्कळ लोक प्रवासाची आंखणी करतांना या दोहोंची गल्लत करतात. ही गल्लत मींही केली, आणि ती आपणांस सांगणें मला प्राप्त आहे.

सन १९९४ चा डिसेंबर महिना. मी तेव्हां तिशींतला शिक्षक होतों. शाळेचीं बावीस मुलें आणि दुसरे एक शिक्षक यांसह आम्ही राजगडावर गेलों. रात्रीं पद्मावती माचीवर राहिलों. दुसरे दिवशीं राजगडाहून डोंगराच्या धारेनें तोरण्यास जावयाचें आणि संध्याकाळीं वेल्ह्यास उतरावयाचें, असा माझा बेत. आदल्या आठवड्यांत मीं नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलें होतें. तें सात किलोमीटर भरलें. वळणें धरून दहा म्हणूं. ताशीं चार किलोमीटर या हिशेबानें अडीच तास. गणित चोख होतें. त्या विश्वासावर आम्हीं सकाळीं बालेकिल्ला पाहिला, सुवेळा माची पाहिली, सावकाश जेवलों, आणि साडेअकरा वाजतां संजीवनी माचीच्या अळू दरवाजानें बाहेर पडलों.

ती धार सरळ नाहीं. ती उतरते, चढते, पुन्हां उतरते. वाळलेल्या गवतावर पाय निसरतो, आणि बावीस मुलांची रांग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगानें चालते. चार वाजतां तोरणा जवळ दिसूं लागला. पांच वाजतां तो तितकाच जवळ दिसत होता. पाणी संपलें होतें. सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळला, आणि डोंगरांत संधिप्रकाश फार वेळ टिकत नाहीं. आमच्याजवळ विजेरी एकच होती. मीं सर्वांस वाटेवरच खालीं बसविलें आणि मुलें मोजलीं. एकवीस भरलीं. पुन्हां मोजलीं. एकवीसच.

दुसऱ्या शिक्षकांना मुलांपाशीं ठेवून मी विजेरी घेऊन मागें गेलों. हांका मारीत किती वेळ चाललों तें मला आजही सांगतां येत नाहीं. घड्याळाप्रमाणें तो पाऊण तास होता. मुलगा एका कारवीच्या जाळीपाशीं बूट काढून झोंपला होता. बूट चावला म्हणून बसला आणि बसल्या जागीं त्याचा डोळा लागला. तेथून दहा पावलांवर डोंगराची कड होती.

माझ्या हांका ऐकून खिंडीजवळच्या घरांतील एक धनगर कंदील घेऊन वर आला. मी त्याला म्हटलें, आम्हांस तसेंच खालीं न्या, गांवांत मुलांचे आईबाप वाट पाहत असतील. तो म्हणाला, "गुरुजी, आता हलायचं न्हाई. पोरं हितं निजतील." त्यानें आम्हां सर्वांस पाणी दिलें, घरांत होतें तेवढें दूध आणि भाकरी दिली, आणि आंगणांत रात्रभर शेकोटी ठेविली. सकाळीं त्यानेंच आम्हांस वेल्ह्याच्या वाटेस लाविलें. त्या काळीं आमच्याजवळ निरोप धाडण्याचें साधन नव्हतें. वेल्ह्याच्या मोटार थांब्यावर रात्रीच्या रात्रीं आलेले पालक उभे होते. त्यांतील एका माउलीनें मला शब्दानेंही बोल लाविला नाहीं. तिनें बोट दाखवीत एकेक मूल मोजलें. बावीस भरल्यावर ती खालीं बसली. ती मोजणी मी विसरलों नाहीं.

श्रोतेहो, माझी चूक बेरजेंत नव्हती. मीं मोजूं नये तें मोजलें होतें. मी जर आदल्या दिवशीं त्या धनगराला विचारलें असतें तर त्यानें किलोमीटर सांगितले नसते. त्यानें सांगितलें असतें कीं, सकाळीं उजाडतां निघा, म्हणजे दिवस मावळायच्या आंत पोहोंचाल. डोंगरांतील अंतर तेथें रोज चालणाऱ्यास तासांत विचारावें, आणि त्यानें सांगितलेल्या तासांची मुलांसाठीं दीडपट करावी. नाताळांत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड अकरा तास. त्यांतला शेवटचा दीड तास आपला नाहीं असें समजावें. तो वाट चुकण्यासाठीं, मुरगळलेल्या पायासाठीं आणि बूट काढून बसणाऱ्या मुलासाठीं राखून ठेवावा.

तर या सुट्टींत कोणास भोरहून वेल्ह्यास जावयाचें असेल, तर मी तीन दिवसांचा बेत सुचवितों. पहिल्या दिवशीं दुपारपर्यंत भोर गांठावें. ही पंत सचिवांची राजधानी. संस्थान सन १९४८ मध्यें विलीन झालें, परंतु राजवाडा आणि नीरेचा काठ अद्याप पाहण्यासारखे आहेत. वेळ उरला तर रोहिडेश्वर आणि रायरेश्वर हे दोन्ही उरकावे असा मोह होईल. तो आवरावा. भोरांतच राहावें आणि लवकर निजावें.

दुसऱ्या दिवशीं उजाडतां मोटारीनें भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेनें भुतोंड्यास जावें. हें गांव भोर तालुक्यांत, राजगडाच्या पायथ्याशीं आहे. तेथून अळू दरवाजाच्या वाटेनें गडावर चढण्यास अडीच-तीन तास धरावे. गड पाहून, भाकरी खाऊन दोन वाजतां उतरूं लागावें, तें दुसऱ्या बाजूस. गुंजवण्याची चोर दरवाजाची वाट जवळची पण फार उभी आहे. बरोबर वृद्ध किंवा लहान मुलें असतील तर पालीची पायऱ्यांची वाट बरी. दोन्ही वाटा वेल्हे तालुक्यांत उतरवितात. ज्यांची स्वतःची मोटार असेल त्यांची येथें अडचण होते, कारण मोटार डोंगराच्या अलीकडे आणि आपण पलीकडे. अशांनीं ती चालकाबरोबर फेऱ्याच्या रस्त्यानें पुढें पाठवावी, किंवा भोरलाच ठेवून गांवची जीप ठरवावी. मोटारीसाठीं गड अर्धा पाहून मागें फिरणारे लोक मीं पाहिले आहेत. एस्. टी. नें जाणाऱ्यांनीं परतीच्या गाड्यांच्या वेळा आगारांत समक्ष विचाराव्या. गडावर रात्रीं राहण्याचा विचार असेल तर त्यास अनुमति आहे कीं नाहीं याची आधीं चौकशी करावी. माझें मत पायथ्याच्या गांवीं उतरावें असें आहे.

तिसऱ्या दिवशीं तोरणा. उंची ४६०३ फूट. पुणें जिल्ह्यांतील हा सर्वांत उंच डोंगरी किल्ला; याचें दुसरें नांव प्रचंडगड. वेल्ह्याहून चढण्यास तीन तास, उतरण्यास दोन. ज्यांचे गुडघे साथ देत नाहींत त्यांनीं सक्तीनें चढूं नये. परतीच्या वाटेवर नसरापूरजवळ बनेश्वराचें देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळांतलें. तेथील झाडींत बसून चढलेल्या मंडळींची वाट पाहणें हाही प्रवासच आहे. आणि राजगडाहून धारेनें तोरण्यास जावयाचेंच असेल, तर तेवढ्या एकाच कामास सबंध दिवस द्यावा, वाटाड्या घ्यावा, माणशीं तीन लिटर पाणी आणि एक विजेरी घ्यावी, आणि सूर्योदयास अळू दरवाजांत असावें.

भाचा त्या २६ तारखेच्या सकाळच्या गाडीनें गेला. दुपारीं पोहोंचून मुलांस घेऊन तो उजेडांत नदीकांठीं फिरला, असें त्याचें पत्र आलें. यंदा तो सहकुटुंब इकडे येत आहे, आणि मुलांना ती धार चालावयाची आहे. मीं निघण्याची वेळ लिहून पाठविली आहे. अंतर लिहिलेलें नाहीं.

आपणही सुट्टींत कोठें तरी जाल. वाहन कोणतेंही असो, निघतांना मुलें मोजा आणि पोहोंचल्यावर पुन्हां मोजा.