बिनधुराची दारू व लेबेल बंदूक

एकोणिसावें शतक संपत येईपर्यंत रणांगण म्हणजे धुराचें आगर असे. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळाली, कीं तिचा अर्ध्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपानें मागें उरे. दोनचार फैरी झडल्या कीं शिपायास समोरचें कांहीं दिसेना. शत्रूस मात्र त्या पांढऱ्या ढगावरून त्याची जागा बिनचूक सांपडे. नळींत काजळी साचे ती निराळीच.

ही अडचण पॅरिस येथील सरकारी दारूखात्याच्या प्रयोगशाळेंतील पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञानें १८८४ सालीं दूर केली. तीव्र आम्लांची प्रक्रिया केलेल्या कापसाची स्फोटक शक्ति पूर्वींपासून ठाऊक होती. परंतु तो इतक्या झपाट्यानें जळे, कीं गोळीबरोबर बंदुकीच्या नळीच्याहि चिंधड्या व्हावयाच्या. व्हिएयनें हा कापूस ईथर व मद्यार्क यांच्या मिश्रणांत मळला, त्या गोळ्याच्या पातळ पोळ्या लाटल्या, आणि शंकरपाळे कापावे तसे त्यांचे बारीक तुकडे केले. असा तुकडा वरून आंत थराथरानें जळतो. म्हणून जळण्याचा वेग त्याच्या जाडीवरून ठरवितां येऊं लागला. धूर जवळजवळ नाहींसा झाला व जोर कितीतरी वाढला.

१८७० च्या युद्धांतील पराभव फ्रान्सच्या जिव्हारीं लागलेला होता. जानेवारी १८८६ मध्यें युद्धमंत्री झालेल्या जनरल बूलांजे यांनीं नवी बंदूक कांहीं महिन्यांतच हवी, असा हुकूम सोडला. जर्मनीस सुगावा लागण्यापूर्वीं पुढें निघून जावें, हा हेतु. आणि तो कांहीं अगदींच अविचाराचा म्हणतां येणार नाहीं. पण नवें शोधण्यास सवड उरली नाहीं. जनरल त्रामों यांच्या समितीनें हाताशीं असलेलें घेतलें. नौदलाच्या क्रोपाचेक बंदुकीप्रमाणें नळीखालीं आठ काडतुसांची लांब पोकळी ठेवली. काडतुसासाठीं जुन्या ११ मिलिमीटरच्या ग्रा काडतुसाचें रुंद बूड कायम ठेवून त्याची मान तेवढी ८ मिलिमीटरपर्यंत आवळली. एवढ्या वेगांत नुसतें शिसें टिकेना, म्हणून गोळीवर तांबें व निकल यांच्या मिश्रधातूचें आवरण चढविलें. ही चपट्या तोंडाची गोळी कर्नल लेबेल यांची. बंदुकीस नांव मात्र त्यांचेंच पडलें.

जगांतील पहिली बिनधुराची लष्करी बंदूक फ्रान्सपाशीं आली खरी, परंतु आघाडी दोन वर्षेंच टिकली. १८८८ सालीं जर्मनीनेंहि बिनधुराची बंदूक स्वीकारली, आणि तींत पांच काडतुसें एकदम भरतां येत. लेबेलच्या पोकळींत तीं एकेक करून ढकलावीं लागत.

पुढें १८९८ सालीं टोंकदार पितळी गोळी आली, तेव्हां नवेंच संकट उभें राहिलें. पोकळींत काडतुसें एकामागें एक बसत. मागच्या गोळीचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटलें तर? त्यावर उपाय म्हणून काडतुसाच्या बुडाशीं टोपीभोंवतीं खोलगट खांचच पाडली, म्हणजे टोंक तींत अडकून राहावें. युक्ति चांगलीच, पण मूळच्या घाईचें तें ठिगळ होतें. पहिल्या महायुद्धांतील शोशा यांत्रिक बंदुकीस तर या निमुळत्या काडतुसापायीं अर्धचंद्राकृति पेटी लावावी लागली. तिच्या उघड्या बाजूनें खंदकांतला चिखल आंत शिरे.

दारूहि निर्दोष नव्हती. ती साठवणींत कुजे व आपोआप पेट घेई. तूलों बंदरांत १९०७ सालीं ‘इएना’ व १९११ सालीं ‘लिबर्ते’ या युद्धनौका स्फोटानें नष्ट झाल्या, शेंकडों खलाशी प्राणांस मुकले, आणि दोष बव्हंशीं या दारूवर आला. त्यानंतर ती टिकाऊ करण्यासाठीं तींत डायफिनिलअमाइन मिसळण्याची रीत पडली.

नवी बंदूक १९३६ सालीं ठरली. श्रोत्यांस नवल वाटेल, पण १९४० सालीं जर्मन रणगाडे फ्रान्सांत घुसले तेव्हांहि कित्येक राखीव पलटणींच्या हातीं लेबेलच होती. आणि तिच्या काडतुसाचें बूड १८७४ सालच्या ग्रा बंदुकीच्याच वळणाचें होतें.