कहाणीत कोण आहे, कोण नाही

(सारंगखेडा येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



उपासाची कहाणी आपण दरवर्षी ऐकतो. हातात अक्षता घेऊन मुकाट्याने ऐकतो. आज मी अशा कहाणीबद्दल बोलणार आहे, जिच्यात प्रश्न विचारल्याशिवाय जेवायलाच मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायल. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. मुंबई, ठाणे, अलिबाग भागात थोडे उरले. मार्च-एप्रिलमधल्या पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा पेसाह हा सण येतो.

त्या रात्री घरातले सर्वांत लहान मूल विचारते, आज ताटात हे असे का? मोठ्यांनी सांगायचे, की मिसर देशात आपण राजाचे गुलाम होतो, तिथून सुटलो. ताटही तेच सांगते. कडू भाजी गुलामीची, मिठाचे पाणी आसवांचे, बिनखमिराची भाकरी घाईघाईने निघाल्याची. आणि प्रत्येकाने असे समजायचे, की तिथून मी स्वतः बाहेर पडले. गुलामी पूर्वजांची होती म्हणून हात झटकायची सोय नाही.

१८७४ साली पुण्यात या विधीची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका ही भाकरी करताना दिसतात. कहाणी वाचायचा मान मात्र परंपरेने पुरुषाचा.

बायबलमध्ये शिफ्रा आणि पुवा या दोन सुईणी आहेत. जन्मलेला प्रत्येक मुलगा मारा, हा राजाचा हुकूम त्यांनी मोडला. पुढे ज्याने लोकांना सोडवले, त्या मोशेला तान्हेपणी नदीकाठी बहिणीने राखले आणि राजाच्याच मुलीने पाण्यातून काढले. त्याची बहीण मिर्याम. या बायका नसत्या तर सुटका कुठली? तरी परंपरेच्या पोथीत सुईणी नाहीत, मिर्यामही नाही. म्हणून एस्थर ब्रोनर आणि नाओमी निमरोद यांनी बायकांची पोथी लिहिली आणि १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी स्वतः हा विधी केला. त्यांनी सण सोडला नाही, कहाणी आपल्या तोंडाने सांगितली.

हे सारंगखेड्यात कशाला, असे वाटेल. आपल्या शहादा तालुक्याचीही सुटकेची कहाणी आहे. १९७२ च्या सुमारास भिल्ल सालदार, शेतमजूर जमिनीसाठी, मजुरीसाठी उभे राहिले. अंबरसिंग महाराजांचे नाव आपण आदराने घेतो, ते घ्यायलाच हवे. पण त्याच वर्षांत भिल्ल बायकांनी गावोगाव मोर्चे नेले, दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

त्या पोरी आता आज्या झाल्या आहेत. काही गेल्याही.

म्हणून माझी सूचना अशी. आखाजीला लेकी माहेरी येतात. तेव्हा प्रत्येक मंडळाने एक संध्याकाळ ठेवावी. लहान मुलींनी विचारावे, आज्यांनी अहिराणीत, भिलीत, जमेल तसे सांगावे, कुणीतरी नावे उतरवून घ्यावीत. मोर्च्याला गेली म्हणून घरी काय सोसले, हा कडू भागही गाळू नये. शेवटचा प्रश्न मात्र आजचा असावा: उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बाईची सुटका झाली का? त्याचे उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे.