शोधनिबंधाची बांधणी



वसंत व्याख्यानमालेची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला, त्यामागे एक साधा विचार होता. विद्यालयाच्या भिंतीआड जी विद्या चालते तिचा थोडा तरी वाटा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या पदरात पडावा, हा तो विचार. त्याच हक्काने आम्ही आज एक विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत. पदव्युत्तर वर्गातील शोधनिबंध कसा बांधावा, हा तो विषय. विषय रुक्ष आहे असे कोणी म्हणेल. समासाची रुंदी आणि तळटीपांचे आकडे यांवर संध्याकाळी दमून आलेल्या माणसांनी तासभर का ऐकावे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही प्रथम देऊ.

आपण जेथे बसलो आहोत त्या कफ परेडच्या मच्छीमार नगरातून विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यापर्यंत अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे. पण या वस्तीतील कित्येक घरांना ती चाल चालायला पिढ्या लागल्या. काही वर्षांपूर्वी येथलीच एक मुलगी आमच्याकडे आली. घरातील पहिलीच पदवीधर, एम.ए.च्या वर्गात नुकतीच दाखल झालेली. मासळी विकणाऱ्या स्त्रियांवर तिने वीस पानांचा निबंध लिहिला होता. तो परत आला होता आणि पहिल्या पानावर शेरा होता : "माहिती पुष्कळ आहे, निबंध नाही." मुलगी म्हणाली, "सर, माझी आई तीस वर्षं टोपली डोक्यावर घेऊन हिंडते आहे. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मग ते खोटं कसं?"

ते खोटे नव्हते. पण शेराही चुकीचा नव्हता, हे निबंध वाचल्यावर आम्हांला कबूल करावे लागले. मग चूक कोणाची? निबंध कसा असतो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे मुलांकडून निबंध मागत आलो. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे होती त्यांनी ती रीत घरूनच आणली, आणि ज्यांच्या घरी जाळी होती त्यांनीही ती आणलीच असेल असे आम्ही धरून चाललो. हा दोष आमच्या पदरी आहे. आजचे व्याख्यान ही त्याची अल्पशी भरपाई समजावी.

रीत शिकायची तर उत्तम नमुना समोर हवा. तो आपल्याच शहरातील एका विद्यार्थ्याने घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. परळच्या चाळीतील खोलीत अभ्यास करून एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतलेला हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढल्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. मतांसाठी तो वाचला जातोच. आज आपण त्याची बांधणी पाहू.

आरंभी ते श्रोत्यांना ओळखीच्या गोष्टीकडे नेतात. वस्तूंची प्रदर्शने आपण पाहतो. मग मानवी संस्थांचेही प्रदर्शन का मांडू नये, असे विचारतात. लगेच ते आपल्या विषयाला कुंपण घालतात : जातीचा विषय अफाट आहे, आपण उगम, यंत्रणा आणि प्रसार एवढ्यापुरतेच बोलणार. मग ते पूर्वीच्या अभ्यासकांकडे वळतात. सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात, कोणाचे काय घ्यावे आणि काय सोडावे हे सांगतात. त्यातून स्वतःचे विधान निघते : जातीचे मर्म स्वजातीतच लग्न करण्याच्या बंधनात आहे. पुढचे सगळे विवेचन त्या एका विधानातून उलगडते. जातीत स्त्रीपुरुषांची संख्या जुळली नाही तर बंधन टिकत नाही. ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली कशा उपयोगी पडल्या. एका वर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनी अनुकरण कसे केले. शेवटी ते मुद्द्यांचे सार सांगतात, आणि आपलेच मत अखेरचे आहे असा हट्ट धरीत नाहीत.

यात केतकरांचा उल्लेख विशेष पाहण्यासारखा आहे. केतकर हे पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आले. जातींच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत कॉर्नेल येथे असतानाच निघाला होता. आंबेडकर त्यांना मान देतात, त्यांच्या मतातील ग्राह्यांश घेतात आणि जेथे पटत नाही तेथे स्पष्ट वेगळे होतात. दुसऱ्याचे नाव घेऊन त्याच्याशी सभ्यपणे भांडणे, यालाच विद्वानांच्या भाषेत संदर्भ देणे म्हणतात.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या निबंधाकडे येऊ. त्याचे शीर्षक होते 'मच्छीमार नगरातील स्त्रियांचे जीवन'. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. डोल जाळे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्याचे तोंड रुंद, आस मोठे. मागे मागे ते अरुंद होत जाते आणि शेवटच्या खोल्यात मासळी अडकते. नुसते तोंडच असते आणि खोला नसता, तर पाणी आले तसे गेले असते. तिच्या निबंधात लग्नाची गाणी होती, नारळी पौर्णिमा होती, ससून डॉकची पहाट होती. पण खोला नव्हता. आम्ही तिला विचारले, "यातली कोणती गोष्ट तुला स्वतःला समजत नाही?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पावसाळ्यात दर्या बंद असतो, तेव्हा आमची घरं कशावर चालतात, हे मला नीट ठाऊक नाही. आई सांगत नाही."

तोच प्रश्न होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मासळी विकणाऱ्या बाईचे घर कसे चालते? शोधनिबंधाची पहिली पायरी ही : एक प्रश्न, एका वाक्यात, आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधी ठाऊक नाही असा.

दुसरी पायरी पूर्वसूरींची. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला आणि १९२४ पासून डॉ. घुर्ये यांनी तो वाढवला. मुंबईच्या सोनकोळ्यांवर पुणेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. तो आपल्याविषयीच आहे हे मुलीला ठाऊक नव्हते! आधीचे वाचले नाही तर मनुष्य सांगितलेलेच पुन्हा सांगतो. आणि वाचले तर ग्रंथात काय राहून गेले हे त्याला दिसते. आपल्याच समाजावर लिहावे की नाही, अशीही शंका तिने काढली. आम्ही तिला इरावती कर्वे यांचे उदाहरण दिले. त्यांनी १९२८ साली एम.ए.साठी घुर्ये यांच्याकडे जो प्रबंध लिहिला, तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच समाजावर होता. घरचे असणे हा दोष नव्हे. ते लपवणे हा दोष.

म्हणून तिसरी पायरी, रीतीची. आपल्याला हे कसे कळले, ते सांगणे. किती घरी गेलो, कोणत्या महिन्यात, कोणत्या बोलीत बोललो, कोणी बोलायला नकार दिला. पहिल्या मसुद्यात मुलीने लिहिले होते, "सर्व स्त्रिया सांगतात." आम्ही विचारले, किती? उत्तर आले, अकरा. मग अकरा लिहावे. त्या अकरांत एक आपली आई आहे हेही लिहावे. याने निबंधाची किंमत उतरत नाही, वाढते.

चौथी पायरी विवेचनाची. एका परिच्छेदात एकच मुद्दा, आणि त्याच्या पाठीशी पुरावा. सुकी मासळी विकून चालणारी घरे एका परिच्छेदात. बाहेरून आलेली बर्फातली मासळी घेऊन विकणारी दुसऱ्यात. उसनवारीवर आणि गहाणावर निभावणारी तिसऱ्यात. या तिसऱ्या परिच्छेदापाशी मुलीची लेखणी थांबली. आई का सांगत नव्हती, ते तिला तेव्हा कळले. घरातले दागिने कोठे जातात आणि नारळी पौर्णिमेनंतर कसे परत येतात, हे तिला निबंधाने शिकवले.

येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. ज्या बाईने आपल्या कर्जाची गोष्ट विश्वासाने सांगितली, तिचे नाव निबंधात घालू नये. ग्रंथाचा संदर्भ नावानिशी द्यावा; माणसाचा द्यायचा तर त्याच्या संमतीनेच द्यावा. निबंध गुणांसाठी असतो, पण ती बाई उद्याही याच गल्लीत राहणार असते.

पाचवी पायरी निष्कर्षाची. अकरा घरांवरून अकरा घरांपुरतेच बोलावे. सबंध कोकणकिनाऱ्याविषयी निकाल देण्याचा मोह आवरावा.

राहता राहिली बाह्य रचना, म्हणजे समास, पृष्ठांक, उपशीर्षके, तळटीपा आणि संदर्भसूची. हे केवळ सोपस्कार आहेत असे मुलांना वाटते. पण महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही पान उघडून पाहा. भांडारकर संस्थेने १९१९ साली हे काम हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. वर मुख्य पाठ आणि खाली निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद. संपादकांनी वाचकाला जणू सांगितले की आमचा निर्णय वर आहे, पण तुम्हांला तो तपासायचा असेल तर साहित्य खाली ठेवले आहे. तळटीपेचा धर्म हाच. म्हणून ग्रंथकाराचे नाव, वर्ष, ग्रंथाचे नाव, स्थळ, प्रकाशक आणि पृष्ठ एवढे सांगावे. क्रम कोणता, याचे नियम पुष्कळ आहेत. शिकागो विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या केट टुराबियन या बाईंनी विद्यार्थ्यांसाठी १९३७ साली एक लहानशी पुस्तिका केली, ती आजही सुधारून छापली जाते. आपल्या विभागाने जो नियम दिला असेल तो घ्यावा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच पाळावा. अलीकडे यंत्रे क्षणात निबंध लिहून देतात, संदर्भसूचीही सजवून देतात. पण त्या सूचीतील पुस्तक कधी कधी जगात कोठेच नसते. जे पान आपण उघडले नाही, त्याचा आकडा देऊ नये.

हे सगळे कशासाठी? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी याच किनाऱ्यावर उतरले. तेव्हापासून मच्छीमार नगराचे नाव पुष्कळ कागदांवर आले, पण बहुतेक कागदांत ही वस्ती म्हणजे फक्त ते लोक उतरले ती जागा आहे. येथे माणसे राहतात, त्यांची घरे ६१ दिवस कशीबशी चालतात, हे कोणी लिहायचे? जे जाणतात त्यांनी लिहिले नाही, तर न जाणणारे लिहितील. आणि जे रीतीने लिहिले नाही, ते खरे असूनही बाजूला ठेवले जाईल.

मुलीने निबंध पुन्हा लिहिला. वीस पानांची बारा झाली. देण्यापूर्वी आईने तो वाचून दाखवायला सांगितला. एका ठिकाणी मुलीने लिहिले होते की बंदीच्या काळात बायका मासळी सुकवून विकतात. आई हसली. "पावसात कधी मासळी सुकते काय गो? ती आधी सुकवून ठेवतात. पावसात विकतात." मुलीने वाक्य दुरुस्त केले आणि खाली टीप दिली : ही दुरुस्ती मसुदा ऐकताना एका मासळी विक्रेतीने सुचवली. या वेळी निबंध परत आला नाही. गुण किती मिळाले हे आम्ही विचारले नाही. पण त्या टीपेचा आकडा आम्हांला अजून आठवतो. तो सात होता.