चंद्रकोर आणि हिजरी वर्ष

रमजान ईद उद्या की परवा, हा प्रश्न २९व्या रोज्याच्या संध्याकाळी घरोघरी विचारला जातो. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या सुमारास पश्चिमेला नखाएवढी कोर दिसली, तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसली, तर आणखी एक रोजा. हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो आणि तारीख मध्यरात्री नव्हे, सूर्यास्ताला बदलते.

पैगंबर मुहम्मद मक्केहून मदिनेला गेले, त्या हिजरतीच्या वर्षापासून, म्हणजे इ. स. ६२२ पासून ही कालगणना धरतात. पहिला महिना मोहरम. त्याची १० तारीख आशुरा, इ. स. ६८० मध्ये याच दिवशी पैगंबरांचे नातू इमाम हुसेन करबला इथे शहीद झाले. रबी-उल-अव्वलच्या १२ तारखेला ईद-ए-मिलाद, तर शाबानच्या १५व्या रात्री शब-ए-बारात. नववा महिना रमजानच्या रोज्यांचा आणि शव्वालच्या १ तारखेला ईद-उल-फित्र. शेवटच्या जिल्हज महिन्यात हज. ९ तारखेला यात्रेकरू अराफातच्या मैदानात जमतात आणि १० तारखेला बकरी ईद असते.

हे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. आपल्या पंचांगात अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतात. हिजरीत तशी सोय नाही. म्हणून सण दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा रमजान दोनदा सुरू होईल, असं खगोलगणित सांगतं.